अर्ध्या इंचाचं खोटं

कुठल्याच बाईची दोन्ही अंगं सारखी नसतात. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण पुढं जे लिहिणार आहे ते सगळं ह्याच गोष्टीवर उभं आहे. केजमध्ये चौतीस वर्षं मी ब्लाउज शिवले. एक बाजू दुसरीपेक्षा पाव इंच इकडंतिकडं असतेच. एक खांदा उतरलेला असतो, एक मुंढा भरलेला असतो, ज्या हातानं भाकरी थापायची त्या हाताचा दंड जाड निघतो. आम्ही कापड दुहेरी घडी घालून कापतो म्हणून ब्लाउजच्या दोन्ही बाजू सारख्या निघतात. देवानं माणूस कापताना घडी घातलेली नाही, एवढं मी खात्रीनं सांगते.

पण हे बाईच्या तोंडावर बोलायचं नसतं. मला शिवण शिकवलं लतीफाबीनं. आमचं घर वाण्याचं, सासऱ्यांचं किराणा दुकान. सून टेलरकाम शिकायला जाते म्हणून ते आठ दिवस माझ्याशी बोलले नव्हते. लतीफाबीनं पहिल्याच दिवशी हातात टेप दिला आणि धंद्याचा एकच कायदा सांगितला, "वहीत खरं लिहायचं, तोंडानं गोड बोलायचं." म्हणजे टेपवर अडतीस आलं तर वहीत अडतीस. बाईनं विचारलं, "वाढले का हो मी?" तर म्हणायचं, "कुठं? होत्या तेवढ्याच आहात." बाई खुश आणि ब्लाउजही बरोबर. ह्यात कुणाचं काही बिघडत नाही असं मी पुष्कळ वर्षं मानत आले.

बाहेरच्या माणसाला वाटतं, टेलर अंगावरून माप घेतो. आमच्याकडं निम्म्या बाया अंगाला टेप लागूच देत नाहीत. त्या मापाचा ब्लाउज आणतात, जुना, नीट बसणारा, आणि म्हणतात ह्याच्यावरून शिवा. तहसीलमधल्या एका साहेबांच्या मिसेस दर दिवाळीला मापाला लग्नातला ब्लाउज आणायच्या. लग्नाला सतरा वर्षं झालेली. मी तो घडी करून बाजूला ठेवायची, त्यांच्याकडं एकदा नजर टाकायची आणि अंदाजानं शिवायची. ब्लाउज घालून बघितला की त्या म्हणायच्या, बघा, माझं माप अजून तेच आहे. मी म्हणायची, हो की. जुना ब्लाउज तसाच परत द्यायची आणि त्या तो पुढच्या दिवाळीसाठी कपाटात ठेवायच्या.

आमची संस्था होती. महिला शिवण सहकारी संस्था, रीतसर नोंदलेली. कागदावर अकरा बाया, गाळ्यात सहा मशिनी. अध्यक्ष मी दोनदा झाले, कटिंग मात्र कायम माझ्याकडंच राहिलं, कारण कात्री कुणाच्या हातात द्यायची हे मतदानानं ठरत नाही. वार्षिक सभेत विषयपत्रिका एक असायची आणि भांडण दुसरंच व्हायचं. खिडकीजवळच्या मशिनीवर कोण बसणार, ह्यावर एकदा सचिवबाई शिक्का पदरात बांधून घरी निघून गेल्या होत्या. त्यांना आणायला पाच जणी गेल्या, तिथंच चहा प्याल्या आणि ठराव तिथंच झाला.

दुष्काळ मला आभाळात दिसायच्या आधी टेपवर दिसला. त्या साली लग्नं पुढं ढकलली गेली, नवीन कापड कुणी घेईना. बाया जुने ब्लाउज घेऊन यायच्या, काकू, जरा आत घ्या म्हणून. ज्यांना मी वर्षानुवर्षं होत्या तेवढ्याच आहात म्हणत होते त्या खरोखरच उतरायला लागल्या होत्या, आणि तेव्हाही मी तेच वाक्य म्हणत होते. मशिनी चालत होत्या त्या शाळेच्या गणवेशांवर. ते काम आम्हाला मिळवून दिलं मित्रा नावाच्या पोरीनं. आता तिची गोष्ट.

मित्रा म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई. हे तिचं खरं नाव नाही. लिहू का म्हणून विचारायला गेले तेव्हा ती म्हणाली, नाव बदला काकू, पण मापं खरी लिहा. त्याप्रमाणं लिहिते आहे.

ती माझ्याकडं पहिल्यांदा आली ती लग्नाचा ब्लाउज शिवायला. त्यांच्यात, बौद्ध पद्धतीच्या लग्नात, नवरीला पांढरं शुभ्र पातळ असतं. पांढऱ्या कापडात काही झाकत नाही. पडद्यामागं ती हात आवळून उभी राहिली. मी टेप धरला तर आतून घडी घातलेला हातरुमाल खाली पडला. डावी बाजू वाढलेलीच नव्हती. उजवी भरलेली, डावी दहा वर्षांच्या पोरीसारखी. काही जणींचं जन्मतःच तसं असतं, त्यात कुणाचा दोष नसतो. ती माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. मी रुमाल उचलून तिच्या हातात दिला आणि म्हणाले की रुमाल घामानं बसतो, मी बरं करून देते.

मऊ स्पंजचे तीन थर कापले, वर मलमल लावली आणि डाव्या कटोरीत आतून शिवून टाकलं. चार वेळा उसवलं, पाचव्यांदा जमलं. लग्नात मी मुद्दाम पहिल्या रांगेत बसले, आणि लोक वधूवरांकडं बघत होते तेव्हा मी कटोरी बघत होते. काही कळत नव्हतं. पुढं अकरा वर्षं तिचा प्रत्येक ब्लाउज मी तसाच शिवला. संस्थेतल्या बायांनासुद्धा पत्ता नव्हता, कारण तिचं काम मी पडदा ओढून एकटीच करायची. ह्या कपाचा मला फार अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

म्हणून ती जेव्हा म्हणाली की मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याला ऑपरेशन करून घेणार आहे, तेव्हा मला आधी रागच आला. माझ्या कपात काय कमी आहे, असं मी विचारलं. ती हसली.

"तुमचा कप ब्लाउजात हाय काकू, माझ्यात न्हाई."

नवरा तिच्या बाजूनं होता. मिलिंद कड्याला साखर कारखान्यावर नोकरीला, पंधरा दिवसांनी घरी यायचा, शांत माणूस. घरी केजला सासू, गयाबाई. त्यांना मात्र ट्रेनिंग आहे म्हणून सांगितलं. गावात हेच. छातीचं ऑपरेशन म्हटलं की लोक एकतर मरणाची बातमी करतात नाहीतर नखऱ्याची, मधलं काही त्यांना सुचत नाही.

डॉक्टर बाईंनी दोन्हीकडं सिलिकॉनच्या पिशव्या बसवल्या, डावीकडं मोठी, उजवीकडं लहान, म्हणजे दोन्ही बाजू जुळाव्यात. टाके कोरडे झाल्यावर ती परत आली आणि तिसऱ्या आठवड्यात माझ्या पडद्यामागं येऊन रडायला लागली. डावी बाजू वर चढलेली, ताठ, सुजलेली. उजवी बऱ्यापैकी खाली बसलेली. आयुष्यभर जी बाजू लहान होती ती आता मोठी दिसत होती. उलटं झालं काकू, पुन्हा वाकडीच राहिले, असं ती म्हणत होती.

डॉक्टरनं तिला सगळं समजावून दिलेलं होतं, कागदावर लिहूनही. दोन्ही बाजू एका वेगानं बसत नाहीत. जिथं कातडी जास्त ताणली गेली तिथं सूज उशिरा उतरते, पिशवी उशिरा खाली येते. तीन महिने, कुणाला सहासुद्धा लागतात, तोवर कमीजास्त दिसणारच. नव्या गादीतला कापूस बसायला वेळ लागतो, तसंच हे. पण दोन गोष्टी पाळायच्या होत्या. वजन उचलायचं नाही. आणि एकच बाजू एकदम वाढली, लाल झाली, गरम लागली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी फोन करायचा. सहाव्या आठवड्यात तपासणीला तर जायचंच होतं.

कागद तिला पाठ होता, विश्वास बसत नव्हता. म्हणाली, आरशात मी जन्मभर वाकडंच बघत आले, माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा राहिला नाही, दर आठवड्याला तुम्ही मोजा. मी वहीचं एक कोरं पान काढलं. छातीच्या मधल्या हाडापासून काखेखालच्या रेघेपर्यंत, आधी उजवी, मग डावी. पहिल्या दिवशी फरक सव्वा इंच. मी तेवढाच सांगितला.

आता वजन न उचलण्याचं. त्या उन्हाळ्यात केजमध्ये वजन न उचलणारी बाई म्हणजे एकतर बाळंतीण नाहीतर आळशी. टँकर बरोबर आमच्या गाळ्यासमोर थांबायचा. गयाबाईंचे गुडघे गेलेले, त्या पाटावर बसून धुणं करायच्या, पण हंडा उचलणं त्यांना जमत नव्हतं. मित्राला नाही म्हणायला कारण नव्हतं. मग मी तिचे दोन हंडे संस्थेच्या रांगेत लावले. बायांना सांगितलं की गणवेशाचं काम आणून दिलंय पोरीनं, आपण एवढं करू. त्यांनी कुरकुर केली, पण हंडे पोचवले.

चौथ्या आठवड्यात फरक एक इंच निघाला. मी सांगितलं, तिचा चेहरा जरा उजळला. पाचव्या आठवड्यात पुन्हा एक इंचच. टेप दोनदा लावला, तेवढाच. आणि ती माझ्या तोंडाकडं बघत होती, परीक्षेचा निकाल ऐकायला पोरं उभी राहतात तशी. वहीत मी एक इंच लिहिलं. तोंडानं म्हणाले, "अर्ध्या इंचावर आलं बघ."

चौतीस वर्षांत असं हजार वेळा बोलले असेन. जीभ आपोआप वळली.

ती पडद्यामागं मला बिलगली. त्या दिवशी तिनं मशिनीवरच्या सगळ्या बायांना भजी आणून खाऊ घातली, कशाबद्दल ते मी सोडून कुणालाच कळलं नाही. आणि मग बरं झालेलं माणूस जे करतं ते तिनं केलं. शाळा सुरू होणार म्हणून डॉक्टरला फोन करून तपासणी पंधरा दिवस पुढं ढकलली. दुसऱ्याच्या जिवावर किती दिवस पाणी प्यायचं, असं म्हणत हंडे आमच्या रांगेतून काढून घेतले. ह्यातलं मला काहीच सांगितलं नाही. मी टँकरच्या वेळी आत कटिंगला असायची, डोकं खाली.

सहाव्या आठवड्यात फरक पुन्हा सव्वा इंच झाला. तेव्हा तरी खरं बोलायला हवं होतं. पण मागच्या आठवड्यात अर्धा म्हटलेलं, आता सव्वा कसं म्हणू? बसतंय, बसतंय, असं काहीतरी पुटपुटले आणि टेप गळ्यात टाकला. त्या पानावर मी सव्वाच्या आकड्याखाली रेघ ओढली होती, जाड. ती रेघ आजही वहीत आहे.

चार दिवसांनी सकाळी खिडकीजवळच्या बाईनं हाक मारली, काकू, बाईंना चक्कर आली वाटतं. बाहेर बघितलं तर मित्रा टँकरला टेकून उभी, डाव्या कमरेवर भरलेला हंडा, चेहरा पांढराफटक. मी धावत जाऊन हंडा घेतला आणि तिला आत नेलं. पडदा ओढला. डावीकडं लाल झालं होतं. हात लावला तर इस्त्री फिरवलेल्या कापडासारखं गरम. टेप लावला, फरक दोन इंचांवर गेलेला. तिला वाटत होतं उन्हानं झालं.

"हंडा कावून उचललास?" मी ओरडलेच तिच्यावर.

"तुमीच म्हणलात ना, बसलं म्हणून."

मग मी वही आणली आणि ते पान तिच्यापुढं धरलं. दुसरं काय करणार होते? तिनं आकडे वाचले. एक, पुन्हा एक, सव्वा, खाली रेघ. बाहेर मशिनी चालू होत्या. तिनं एका आकड्यावर बोट ठेवलं, मग बोट काढून घेतलं.

"मला वाटायचं, आरसा खोटं बोलतोय आन् टेप खरं बोलतोय," ती हळू म्हणाली. "काकू, मी डॉक्टरचं ऐकलं न्हाई, तुमचं ऐकलं."

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. विसरणारही नाही.

तिथूनच फोन लावला. डॉक्टर बाई म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता निघा. आत पाणी साचलं असेल आणि ते चिघळलं तर पिशवी काढून टाकावी लागेल, अंगभर विष पसरलं तर जिवाशी खेळ. म्हणजे अकरा वर्षं वाट बघून जे केलं ते सगळं माझ्या अर्ध्या इंचावर जाणार होतं. मी जीप ठरवली. पण घरी सांगितल्याशिवाय निघता येत नव्हतं, आणि सांगायला मित्राच्या अंगात बळ नव्हतं. मी गेले.

गयाबाई पाटावर बसून धुणं करत होत्या. मी ऑपरेशन म्हटलं, पुणं म्हटलं, शब्द जुळवत बसले. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"जिवाला धोका हाय का?"

येळेत पोचलो तर न्हाई, असं मी म्हणाले.

"मग निघा की. मला काय समजावता टेलरबाई? ते बिलाउज अकरा वर्सं धुती कोण? डावीकडं इस्पंज हाय, मला म्हैत न्हाई व्हय?" त्यांनी हात पदराला पुसले. "तिनं सांगितलं न्हाई, मी इचारलं न्हाई. सांगितलं असतं तर पाण्याला मी बसत बसत गेले असते."

घरात चार भाकरी होत्या त्या फडक्यात बांधून दिल्या आणि म्हणाल्या, पोरीला माझ्याकडून काही बोलू नका, आल्यावर मी बोलते. मी त्या अंगणात उभी राहून रडले. टेलरला वाटतं गुपित फक्त आपल्यालाच ठाऊक. धुणारी सगळं जाणून असते, आणि माझ्यापेक्षा शहाणी असते.

बीडच्या पुढं आष्टी, मग कडा. फोन केलेला होता म्हणून मिलिंद रस्त्याच्या कडेला उभा होता, कारखान्याच्या कपड्यांतच. त्यानं जीपमध्ये बसून बायकोचा हात धरला. नगरपर्यंत ती माझ्याकडं पाठ करूनच बसली. बोलावं असं मीही काही केलेलं नव्हतं.

डॉक्टर बाईंनी तपासलं, सोनोग्राफी केली, आणि मी वही पुढं केली. त्यांनी पान बघितलं आणि चष्मा वर केला. म्हणाल्या, इतकं व्यवस्थित कुणी ठेवलं? पाचव्यात थांबलं, सहाव्यात वाढलं, मग त्याच आठवड्यात का आला नाहीत? मित्रा म्हणाली, शाळा सुरू होती मॅडम. माझ्याकडं तिनं बघितलंही नाही. माझं नाव घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मग मीच सांगितलं की आकडे लिहिले मी, आणि खोटे सांगितले तेही मीच.

डॉक्टर बाई रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या की एक इंच फरक असता तरी काही बिघडत नव्हतं, त्या वेळेला तो असतोच. तो वाढतोय हे कळायला हवं होतं. सुईनं पाणी काढलं, औषधं सुरू केली, दवाखान्यात ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पिशवी वाचली. मी बाहेरच्या बाकावर बसून होते, आणि त्या तीन दिवसांत टेपला हात लावला नाही.

केजला परतल्यावर मित्रा माझ्याकडं आली नाही. दुसऱ्या टेलरकडंही गेली नाही, तयार कुडते घालून शाळेत जायची. रस्त्यात दिसली तर मान हलवायची. तिचे हंडे मात्र आमच्या रांगेत होते, गयाबाईच स्वतः रिकामे आणून ठेवायच्या. त्या पावसाळ्यानंही दगा दिला. दिवाळी आली तरी टँकर गाळ्यासमोरच थांबत होता.

दिवाळीनंतर एका दुपारी ती आली. हातात पिवळं कापड. सरळ पडद्यामागं गेली आणि हात बाजूला करून उभी राहिली.

"मोजा. आन् मोठ्यानं सांगा."

मी टेप लावला. उजवी, मग डावी. पुन्हा उजवी. सूज कधीच उतरली होती, दोन्ही बाजू बसल्या होत्या. सारख्या नव्हत्या. माझ्या तोंडात शब्द तयार होता, एकसारखं झालं बघ. तो गिळला.

"डावी पाव इंच जास्त," मी म्हणाले. आवाज माझाच, पण मशिनीवरच्या दोघींनी पाय थांबवले इतका मोठा.

मित्रानं खाली बघितलं. मग म्हणाली, "तुमच्याच वहीत आसतंय ना सगळ्या बायांचं पाव इंच?"

सगळ्यांचं, मी म्हणाले.

"मग ऱ्हाऊ द्या माझं बी."

ते कापड मी दुहेरी घडी घालून कापलं नाही. उजवी कटोरी वेगळी कापली, डावी वेगळी. शिवताना हात सवयीनं दोनदा स्पंजाच्या डब्याकडं गेला आणि रिकामा परत आला. तेव्हापासून कुणी वाढले का म्हणून विचारलं तर मी आकडा सांगते. तहसीलच्या मिसेसनी माझ्याकडं यायचं सोडलं, त्याचं मला काही वाटत नाही.

पुढच्या आठवड्यात टँकरच्या रांगेत गयाबाई माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ हंड्याचा काठ पुसत होत्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या,

"पिवळा बिलाउज तांब्याभर पाण्यात धुऊन निघला, टेलरबाई. तुमचा त्यो इस्पंज लई पाणी प्यायचा."